संताच्या दिवशी मुलांच्या हाती काय द्यावं?

11 नोव्हेंबरच्या संध्याकाळी जर्मनीतल्या, विशेषतः ऱ्हाइन नदीकाठच्या गावाशहरांत लहान मुलं कंदील घेऊन रस्त्यावर येतात. कागदाचे हे कंदील त्यांनी बालवाडीत नाहीतर घरी स्वतः केलेले असतात. मिरवणुकीच्या पुढे लाल झगा पांघरलेला एक घोडेस्वार चालतो. वाटेत बसलेल्या भिकाऱ्यापाशी तो थांबतो, तलवारीनं झग्याचे दोन तुकडे करतो आणि एक तुकडा भिकाऱ्याच्या अंगावर घालतो. हे संत मार्टिन. चौथ्या शतकात, आजच्या हंगेरीच्या भूमीत जन्मलेला हा मुलगा रोमन सैन्यात शिपाई झाला. फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीवर, ऐन थंडीत, उघड्या अंगानं कुडकुडणारा माणूस त्याला दिसला. देण्यासारखं दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून त्यानं अंगावरचा झगा कापला. पुढे 371 मध्ये मार्टिन तूर शहराचे बिशप झाले, 397 मध्ये वारले आणि 11 नोव्हेंबरला त्यांना पुरलं गेलं.

मिरवणूक संपली की मुलांना गोड पाव मिळतो आणि पुष्कळ ठिकाणी तो मोडून शेजारी उभ्या असलेल्या मुलाला अर्धा द्यायची पद्धत आहे. या सगळ्या थाटामाटात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा मोडलेला पाव. मार्टिन यांनी जे केलं तेच पाच वर्षांचं मूल, त्याला पेलेल एवढ्या मापात, स्वतः करतं. कॅथलिक घरांत संतांचे सण मुलांबरोबर कसे साजरे करावेत याला मी हीच एक कसोटी लावते. त्या संताच्या आयुष्यातली एखादी खरी कृती मुलाच्या हातून घडली, तर सण झाला. नुसतं चित्र रंगवलं, केक कापला, फोटो काढला तर तो दिवस मुलाला इतर दिवसांपेक्षा वेगळा वाटायचं काहीच कारण नाही.

मुळात संताचा दिवस ठरतो कसा, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जिवंत जाळायला नेलं, शेवटी शस्त्रानं मारलं. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि दुसऱ्या गावच्या मंडळींना कळवलं, की दर वर्षी या दिवशी आम्ही जमू आणि त्यांचा ‘जन्मदिवस’ पाळू. मरण म्हणजे स्वर्गातला जन्म, ही त्यामागची श्रद्धा. महाराष्ट्रातल्या मुलांना हे समजावून सांगायला फार सायास पडत नाहीत; तुकाराम बीज आणि ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा त्यांच्या आजूबाजूलाच असतात. या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. पवित्र मरियेचा जन्मदिवस 8 सप्टेंबरला आणि बाप्तिस्ता योहानाचा 24 जूनला साजरा होतो. 1969 मध्ये पोप सहावे पॉल यांनी दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हा बऱ्याच तारखा हलल्या. प्रेषित थॉमस यांचा सण 21 डिसेंबरवरून 3 जुलैवर आला. म्हणून आजी एक तारीख सांगते आणि चर्चचं कॅलेंडर दुसरी, असं झालं तर दोघंही बरोबर असू शकतात.

6 डिसेंबरचे संत निकोलस हे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचे, चौथ्या शतकातले बिशप. त्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा तीन बहिणींची आहे. बापाकडे हुंड्याला पैसे नव्हते आणि मुलींना विकायची पाळी आली होती. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. युरोपात मुलं आदल्या रात्री दारापाशी बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो, ते या कथेवरून. हुंड्याचा प्रश्न आपल्या मुलामुलींना परका नाही. त्यामुळे ही कथा इथे अधिक खोल सांगता येते. मात्र मुलांनी नुसता बुटातला खाऊ शोधला तर कथेतली बाजू उलटी होते. निकोलस देणारे होते आणि लपून देणारे होते. मूल जरा मोठं झालं की त्याला या बाजूला आणावं: इमारतीतल्या कुणाच्या तरी दारात, आपलं नाव न लिहिता, काहीतरी ठेवून यायचं आणि कुणाला सांगायचं नाही. गुपित राखणं मुलांना आवडतं, आणि देताना नाव लपवणं त्यांना आपल्यापेक्षा सोपं जातं.

आठवड्याभरानं, 13 डिसेंबरला, संत लुसी. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातली ही तरुणी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन छळात मारली गेली. स्वीडनमध्ये तिच्या दिवशी पांढऱ्या झग्यातली, लाल कमरपट्टा बांधलेली, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी अंधाऱ्या पहाटे गाणी म्हणत येते. हे दृश्य सुंदर आहे आणि जगभर नकलून झालं आहे. मला तिच्या स्वतःच्या गावची रीत अधिक जवळची वाटते. सतराव्या शतकात सिसिलीत दुष्काळ पडला असताना लुसीच्या सणाला धान्याचं जहाज बंदरात आलं, असं तिथे सांगतात. लोक इतके भुकेले होते, की गहू दळायलाही थांबले नाहीत. तसाच उकडून खाल्ला. त्याची आठवण म्हणून आजही त्या दिवशी तिथली घरं पाव आणि पास्ता वर्ज्य करतात आणि भिजवून उकडलेले गहू, ताजं चीज व साखर घालून खातात. आपल्याकडे गव्हाची खीर आहेच. गहू भिजत घालणं, दुसऱ्या दिवशी तो फुगलेला पाहणं, तो शिजायला किती वेळ लागतो ते अनुभवणं ही सगळी मुलांची कामं. भुकेल्या माणसाला दळायचाही धीर नव्हता, हे खीर शिजण्याची वाट बघणाऱ्या मुलाला न सांगता उमगतं.

त्याच सिसिलीत 19 मार्चला, संत योसेफांच्या दिवशी, घरात पायऱ्यांचं टेबल मांडून त्यावर पाव, फळं, भाज्या, मिठाया रचतात. उपवासकाळ चालू असल्यामुळे मांस नसतं. पास्त्यावर भाजलेला पावाचा चुरा भुरभुरतात. तो सुताराच्या लाकडाचा भुसा. आणि गावातल्या गरीब घरच्या मुलांना येशू, मरिया आणि योसेफ म्हणून बोलावून सर्वांच्या आधी जेवू घालतात. यजमान मागून जेवतो. योसेफांच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानांत नाही. हा संत आपल्याला दिसतो तो काम करताना, निघताना, पोचताना. त्यांच्या दिवशी मुलाच्या हाती हातोडी, खिळे आणि घरातलं एखादं मोडकं स्टूल द्यावं, बाबांनी शेजारी बसावं, आणि फार बोलू नये.

घरात असे सण जाणीवपूर्वक करायचे, हा विचार तसा नवा आहे. जुन्या गावांत त्याची गरजच नव्हती. सण गावाचा असे, मूल त्यात आपोआप ओढलं जाई. माणसं गाव सोडून शहरात, देश सोडून परदेशात गेली तेव्हा तो सण मागे राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या काही कॅथलिक आयांनी तो स्वयंपाकघरात परत उभा करायचं ठरवलं. फ्लॉरेन्स बर्जर यांचं ‘कुकिंग फॉर क्राइस्ट’ 1949 मध्ये आलं. त्यात चर्चच्या वर्षाप्रमाणे, सणाला कोणता पदार्थ आणि का, ते सांगितलं आहे. ‘साउंड ऑफ म्युझिक’ चित्रपटामुळे जगाला माहीत झालेल्या मारिया फॉन ट्राप यांनी 1955 मध्ये आपल्या कुटुंबाच्या वर्षभराच्या रीती लिहिल्या. 1938 मध्ये ऑस्ट्रिया सोडलेल्या त्या घरानं सगळे सण सामानाबरोबर अमेरिकेत नेले होते. 1956 मध्ये मेरी रीड न्यूलंड यांचं ‘द इयर अँड अवर चिल्ड्रन’ प्रसिद्ध झालं. वसईहून मिरारोडच्या किंवा मेलबर्नच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या आजच्या आईची अडचण तीच आहे. तिच्याकडे दोन गोष्टी उरतात: गोष्ट आणि स्वयंपाकघर. तेवढ्यावर पुष्कळ करता येतं.

आपल्या किनाऱ्यावर तर सामग्रीची वाण नाही. गोव्यात 24 जूनला सांजांव. भर पावसात तरुण डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालतात, त्यांना कोपेल म्हणतात, आणि विहिरींत, ओहोळांत उड्या घेतात. ही उडी मारायची का, हे अनेक घरांत मुलांना सांगायचं राहून जातं. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला जाते, आणि मरियेचा आवाज ऐकताच एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदानं उसळतं. ते बाळ म्हणजे योहान. गोव्यातली उडी ही त्या उसळण्याची आठवण. म्हणूनच वर्षभरात ज्या घरी बाळ जन्मलं किंवा नवा जावई आला, त्या घरी या सणाचं अप्रूप अधिक. विहिरीत उडी मारणं लहान मुलांचं काम नाही आणि पावसाळ्यातलं पाणी फसवं असतं. गच्चीवर घमेलंभर पाणी, बागेतल्या पानांचा मुकुट आणि शेजारच्या नव्या बाळाला फळांची परडी घेऊन भेट, एवढ्यात ती सारी कथा येते. पाचच दिवसांनी, 29 जूनला, पीटर आणि पॉल यांचा सण. त्या दिवशी गोव्यातले मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून त्यांचा तरंगता मंच करतात, त्याला सांगोड म्हणतात. पीटर स्वतः मासे धरणारे होते, हे कोळीवाड्यातल्या मुलाला सांगून बघावं. त्याचा चेहरा उजळतो.

15 ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो आणि त्याच सुमारास हळदीची पानं हाताशी येतात. गोव्यातल्या आणि मंगळूरच्या कॅथलिक घरांत त्या दिवशी पातोळ्या होतात: तांदळाचं पीठ, नारळ, गूळ, वरून हळदीचं पान. याच दिवसांत कोकणातली हिंदू घरंही पातोळ्या करतात. पान पुसणं, पीठ थापणं, पान दुमडणं हे तिसरीतल्या मुलालाही जमतं. आणि मंगळूरकडे 8 सप्टेंबरच्या आधीचे नऊ दिवस मुलं परडीतून फुलं आणून बाल-मरियेला वाहतात, आणि सणाच्या दिवशी नव्या भाताच्या कणसातले दाणे घरातले सगळे मिळून खातात. वांद्र्याला याच सणाच्या जत्रेला दुरून येणाऱ्या हजारो लोकांइतकाच त्या परडीत मरियेचा जन्मदिवस आहे.

3 डिसेंबरचे संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला आले ते 1542 मध्ये. त्यांच्या आठवणींत मुलांसाठी एक गोष्ट फार नेमकी सापडते: हातात घंटी घेऊन ते गल्लीबोळांतून हिंडत, मुलांना आणि गुलामांना बोलवत, आणि त्यांना श्रद्धेचे पाठ गाण्यांतून शिकवत. त्या दिवशी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती घंटी द्यावी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांना त्यानं बोलवावं. मोठी माणसंही त्याच्या बोलावण्यावर उठतात, ही जाणीव त्याला पुष्कळ काही देते. मात्र मूल दहावी-बारावीत गेलं, की त्याला दुसरी बाजूही सांगायला हवी. 1546 मध्ये याच झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मचौकशीचं न्यायालय मागितलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये ते आलं आणि त्यानं पुष्कळांना छळलं. हे आपण सांगितलं नाही तर मूल ते दुसरीकडे वाचतं आणि मग आपली बाकीची गोष्टही त्याला खोटी वाटते.

आता आमच्या वसईचे संत. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1557 च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईची. मिसरूड फुटायच्या वयात ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा इतकी चांगली शिकले, की धर्मगुरूंना त्यांच्यावाचून चालेना. पण संघात त्यांना घेतलं गेलं नाही. मग त्यांनी व्यापार केला, पैसा मिळवला, आणि तरीही मनातली ओढ जाईना म्हणून मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. 1593 मध्ये त्याच संघाचे धर्मगुरू पेद्रो बौतिस्ता यांच्याबरोबर ते जपानला परतले ते दुभाषे म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात बोलायचं असलं की शब्द गोन्सालोंचे असत. तीनेक वर्षांत वारं फिरलं. डिसेंबर 1596 मध्ये धरपकड झाली. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, आणि क्योटोहून नागासाकीपर्यंत, आठशे किलोमीटरच्या आसपासची वाट, भर हिवाळ्यात, त्यांना चालवत नेलं. वाटेत आणखी दोघांची भर पडली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारलं. 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केलं. 5 फेब्रुवारीला संत अगाथा येते, म्हणून जगाच्या कॅलेंडरात त्यांचा दिवस 6 फेब्रुवारी.

मुलांना हे एवढं सगळं सांगायचं का? मी म्हणेन, सांगायचं, पण वयाप्रमाणे टप्प्यांनी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला प्रवास पुरतो. नकाशावर वसईवर बोट ठेवायचं आणि समुद्रावरून जपान, तिथून मनिला, पुन्हा जपान. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला क्रूसही सांगावा. मुलं मरणाला आपण समजतो तितकी भीत नाहीत; मोठ्यांनी आवाज बदलला की ती घाबरतात. शिवाय त्या सव्वीस जणांत मुलंही होती. लुइस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा. थॉमस कोझाकी हा मुलगा आपल्या वडिलांबरोबर चालत होता आणि वाटेत त्यानं घरी राहिलेल्या आईला पत्र लिहिलं. आपल्या वयाच्या कुणीतरी आईला लिहिलं, हे ऐकल्यावर मूल जे प्रश्न विचारतं त्यांची तयारी आपण ठेवायला हवी. “मग देवानं त्यांना का नाही सोडवलं?” हा त्यातला पहिला. त्याचं उत्तर पाठ करून देता येत नाही. आपल्याला जे खरोखर वाटतं तेच सांगावं.

आणि त्या दिवशी मुलाच्या हाती काय द्यायचं? गोन्सालो यांनी आयुष्यभर जे काम केलं तेच: दुभाषेपण. वसईत हे सहज जमतं. आजी कादोडीत बोलते, शेजारीण हिंदीत, शाळा इंग्रजीत. त्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांना चहाला बोलवावं, आजीनं तिच्या लहानपणाची हकिकत तिच्या बोलीत सांगावी आणि नातवंडानं ती शेजाऱ्यांना त्यांच्या भाषेत पोचवावी. कुठे अडलं तर त्यानं आजीलाच विचारावं. आजीच्या तोंडचा एखादा शब्द त्याला प्रथमच कळतो, आणि ती बोली आणखी एका पिढीपर्यंत जाते. ताटात फुगे, म्हणजे आपले तळलेले गोल पाव, असावेत, दुसरं काही नसलं तरी चालेल. जमलं तर मुलांना वसईच्या किल्ल्यात न्यावं; तिथे गोन्सालो यांच्या नावाचं चर्च आहे. नागासाकीतल्या टेकडीवर 1962 मध्ये सव्वीस जणांचं ब्राँझ शिल्प उभारलं गेलं, त्याचा फोटो तिथे बसून दाखवावा आणि त्यातली लहान उंचीची तीन माणसं त्यांना शोधू द्यावीत.

काही गोष्टी टाळलेल्या बऱ्या. कॅलेंडरात जवळजवळ रोज कुणी ना कुणी संत आहे. सगळे करायला गेलं तर आई थकते आणि मूल कंटाळतं. वर्षाला चार-पाच दिवस पुष्कळ झाले, पण ते दर वर्षी तेच असावेत. मुलांचं प्रेम पुनरावृत्तीवर असतं. दंतकथा दंतकथा म्हणूनच सांगावी. संत जॉर्ज यांनी मारलेला अजगर सांगताना “असं सांगतात” हे दोन शब्द आवर्जून घालावेत, म्हणजे नागासाकी सांगताना “हे घडलं” म्हणता येतं. सर्व संतांच्या सणाला मुलांना संतांचे पोशाख घालायची पद्धत अलीकडे आली आहे. मला तिच्यात वाईट काही दिसत नाही, पण मुलांच्या लक्षात पोशाख राहतो, माणूस राहत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, 2 नोव्हेंबरला, कबरस्तानात आजोबांच्या कबरीवरचं गवत त्यांना उपटू द्यावं, मेणबत्ती लावू द्यावी.

राहिला प्रश्न नावाचा. पोलंडसारख्या देशात आपल्या नावाच्या संताचा दिवस वाढदिवसासारखा साजरा होतो. पण आपल्याकडे पुष्कळ कॅथलिक मुलांची नावं आज सायली, अनिकेत, मृणाल अशी आहेत. त्यात काही चूक नाही. 1983 च्या चर्च-कायद्याप्रमाणे नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, एवढीच अट आहे. ते संताचंच असावं असं बंधन नाही. अशा मुलाचा संत शोधायचा तर बाप्तिस्म्याचा दाखला काढावा. त्यावरच्या तारखेला कॅलेंडरात कोण आहे ते बघावं. युरोपात नावं अशीच पडत: 10 नोव्हेंबर 1483 ला जन्मलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी झाला आणि त्या दिवसावरून त्याला नाव मिळालं, मार्टिन ल्यूथर. दाखला घरात सापडत नसेल तर ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या रजिस्टरात नोंद असते. ती बघायला जाताना मुलाला बरोबर न्यावं. फादरांकडे तारीख त्यालाच मागू द्यावी, रजिस्टरातली आपली ओळ त्यालाच शोधू द्यावी, आणि घरी आल्यावर कॅलेंडरावरच्या त्या चौकटीत त्यानंच खूण करावी.